टबातला रक्तदोष

त्या हॉलमध्ये भिंतीला लागून बावीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यातल्या एकीवरही कोणी बसलेलं नव्हतं. साठेक माणसं मात्र उभी होती. कोणी भिंतीला टेकलं होतं, कोणी या पायावरचा भार त्या पायावर टाकत होतं, एक जाडजूड गृहस्थ खिडकीच्या कट्ट्यावर कोपरं टेकवून ओणवे झाले होते. नवख्या माणसाला वाटलं असतं, राष्ट्रगीत चाललंय आणि काही केल्या संपत नाही. खरी गोष्ट अशी होती की त्या साठही जणांचं दुखणं एकाच जागी होतं आणि ती जागा खुर्चीला टेकवायची कोणाची हिंमत नव्हती.

एवढ्यात पडदा सरकला. पांढऱ्या कपड्यांतला सेवक प्लॅस्टिकचा पांढरा टब दोन्ही हातांनी धरून बाहेर आला आणि तो गर्दीतून सावकाश फिरवू लागला. पंधरा मिनिटांपूर्वी हाच टब आत गेला तेव्हा त्यातलं पाणी पिवळं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आता ते लालभडक झालं होतं. टबामागून एक कारकून पँटचा पट्टा सावरत आला, नुकतीच बदली रद्द झाल्यासारखा चेहरा करून.

"निघाला," सेवक म्हणाला. "सात वर्षांचा रक्तदोष. पंधरा मिनिटांत निघाला."

गर्दीने श्वास रोखला. चौदाव्या नंबरावर, भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवून उभ्या असलेल्या एका गृहस्थांनीही तो रोखला.

हे गृहस्थ म्हणजे तिथल्या शाळेतले विज्ञानाचे सर. सव्वीस वर्षं शिकवत होते आणि कोणी काही चमत्कारिक सांगितलं की "पुरावा काय?" असं विचारायची त्यांना खोड होती. त्यामुळे सगळे त्यांना पुरावेसर म्हणत. कोणी राखेतून घड्याळ काढलं, कोणी हात न लावता नाणं हलवलं, की पुरावेसर पिशवीत सामान भरून हजर होत आणि तोच खेळ भर चौकात करून दाखवत. अशा माणसाला त्या रांगेत मफलर कशासाठी लागला, हे सांगायचं म्हणजे थोडं मागे जायला हवं. ही हकीकत सरांनीच पुढे चारचौघांत सांगितली, तेव्हा तिच्यात त्यांची जी काही शोभा होते ती त्यांच्याच खर्चाने आहे.

झालं असं की नऊ दिवसांपूर्वी सरांची मूळव्याधीची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे ना, ती सरांच्या बाबतीत जरा वेगळ्या तऱ्हेने खरी ठरली. सर्जनबाई त्यांचीच विद्यार्थिनी निघाल्या. एके काळी तिसऱ्या बाकावर बसायच्या आणि प्रयोगवहीत शाई सांडली म्हणून सरांनी त्यांना एकदा अख्खा तास उभं केलं होतं. आता सर कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडलेले आणि त्या पाठीमागून अतिशय आदराने म्हणत होत्या, "सर, जरा गुडघे पोटाशी घ्या." सरांना त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी सोडताना बाईंनी एक कार्ड दिलं आणि त्यावरच्या सूचना नीट समजावून सांगितल्या. सरांनी त्यातला एक शब्दही ऐकला नाही. ते पूर्ण वेळ छतावरचा पंखा बघत होते. बायकोने घरी आल्यावर कार्ड पुन्हा वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी रेडिओ मोठा केला.

मग सुरू झाला सरांचा स्वतःचा, शास्त्रशुद्ध उपचार. संडासला जावं लागलं तर दुखणार, म्हणून त्यांनी खाणं कमी केलं. पाणी प्यायलं तर उठावं लागणार, म्हणून पाणी तोडलं. चहा आणि बिस्किटं, बस्स. बायको रोज रात्री इसबगोल भिजवून देई. तो बुळबुळीत लागतो म्हणून सर ती वाटी गॅलरीतल्या कुंडीत रिकामी करत, आणि त्या आठवड्यात कुंडीतलं रोप काय तरारलं म्हणता. कोमट पाण्याच्या टबात दिवसातून तीनदा बसायचं होतं. "मी काय बदक आहे?" असं म्हणून सरांनी ते मनातल्या मनात नामंजूर केलं. बायको तिच्या लाँड्रीच्या दुकानातून यायच्या आधी टब ओला करून पालथा घालायचा, म्हणजे बसल्यासारखं दिसतं, ही युक्तीही त्यांनी शोधून काढली. गृहपाठ न करता वहीवर शाईचे डाग पाडून आणणाऱ्या पोरांना याच सरांनी आयुष्यभर शिक्षा केली होती.

चौथ्या दिवशी व्हायचं ते झालं. पोट दगडासारखं, आणि त्या बंद दाराआड सरांनी जो अर्धा तास काढला त्याबद्दल ते एवढंच सांगतात की त्यांना तेव्हा न मानलेले सगळे देव आठवले. आठव्या दिवसापर्यंत त्यांची पाचावर धारण बसली होती. सर्जनबाईंकडे परत जावं, तर त्या पहिला प्रश्न विचारणार, "सर, टबात बसता ना?" आणि सरांना खोटं बोलता येत नव्हतं, निदान विद्यार्थ्यांसमोर.

अशा वेळी चित्रकलेचे सर भेटायला आले आणि कानाला लागले. जुन्या फर्निचरच्या गोदामात एक आसनगुरू आले आहेत, म्हणाले. बसण्याच्या जागेची सगळी दुखणी नुसती बसवून घालवतात. मला स्वतःला गुण आला.

"पुरावा काय?" सर सवयीने म्हणाले.

"लाल पाणी," चित्रकलेचे सर म्हणाले. "डोळ्यांनी बघा."

सरांनी ठरवलं, आपण तपास करायला जायचं. उपचाराला नव्हे, तपासाला. हे त्यांनी स्वतःला तीनदा बजावलं आणि मफलर घेतला. तपासाला जाणाऱ्या माणसाला मफलर कशाला लागतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर अख्खा टब होता.

चौदावा नंबर आला. पडद्याआड आसनगुरू स्वतः मात्र जाड गादीवर ऐसपैस बसले होते. गोरेगोमटे, आवाज लोण्यासारखा. त्यांनी सरांना तपासलं नाही, कुठे दुखतं तेही विचारलं नाही. नुसते डोळे मिटले आणि म्हणाले, "जे बसून जडलं, ते बसूनच जाणार. शरीरातला जडपणा खाली उतरतो, रक्तात मिसळतो आणि दार अडवून बसतो. डॉक्टर दार कापतात. आम्ही पाहुण्याला बाहेर बोलावतो."

मग त्यांनी टबातल्या कोमट पाण्यात एक पिवळं चूर्ण सोडलं. निलगिरीच्या तेलाचा असा घमघमाट सुटला की दुसरा कुठलाही वास नाकाला लागेना. टबाच्या तळाशी घडी केलेलं कडक पांढरं फडकं अंथरलं गेलं, त्याला आसनवस्त्र म्हणायचं. "थोडं चुरचुरेल," गुरू म्हणाले. "घाबरायचं नाही. पाहुणा घर सोडताना उंबरठा ओरबाडतो."

सर बसले. चुरचुरलं खरं. पण मागोमाग कोमट पाण्याची ऊब चढत गेली आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांचं अंग सैल पडलं. आवळलेलं काहीतरी सुटलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि पंधरा मिनिटांनी उठून पाहतात तर पाणी लाल. सव्वीस वर्षांचं विज्ञान त्या टबाच्या तळाशी जाऊन बसलं आणि सरांना त्याचं काहीच वाटलं नाही, इतका आराम पडला होता.

जाताना गुरूंनी घरी करायच्या साधनेचं सामान दिलं. चूर्णाच्या पुड्या, आसनवस्त्रांचा गठ्ठा. नियमही सांगितले. दिवसातून तीन आसनं, पंधरा मिनिटांची. बारा पेले पाणी, प्रत्येक पेला डोळे मिटून. भाज्या, फळं, कोंड्यासकट धान्य. रात्री चमचाभर शुभ्रचूर्ण. शौचाला जोर करायचा नाही, कारण जोर म्हणजे अहंकार. तिथे मोबाईल न्यायचा नाही, त्या जागी जगाशी संबंध तोडायचा. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टरकडे पुन्हा पाऊल टाकायचं नाही, त्यांचं औषध, त्यांच्या तपासण्या सगळं बंद. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

सर बाहेर पडले तर रांगेत विसाव्या जागी ओळखीचा चेहरा. सरांच्या बायकोचं कपडे धुण्याचं आणि ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, त्याला लागूनच ज्याचं मशीन होतं तो शिंपी. सरांनी चष्मा घट्ट केला, मफलर नाकापर्यंत ओढला आणि तोंड फिरवून निघाले. पण ती पँट शिंप्यानेच शिवलेली होती. माणूस चष्मा लावून लपतो, पँट कशी लपणार?

पुढचे पाच दिवस सरांनी नियम असे पाळले की कुठल्या विद्यार्थ्याने त्यांचे नियम कधी पाळले नसतील. चांदीच्या कागदातलं ते शुभ्रचूर्ण तर त्यांना अमृत वाटलं. जरा बुळबुळीत होतं, पण अमृत असंच असणार. चौथ्या दिवशी संडासला जाऊन ते हसत बाहेर आले. फक्त चुरचुर वाढत होती आणि कातडी लाल पडली होती. पण पाहुणा निघतोय, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

बायको दिवसभर दुकानात, त्यामुळे तिला वाटे की अहो अखेर कार्डाप्रमाणे साध्या पाण्यात बसू लागले. सोमवारी दुकान बंद असतं. त्या सोमवारी ती न्हाणीघरात डोकावली आणि टब पाहून दचकली.

"अहो, हे रक्त आहे?"

"रक्तदोष," सर जरा तोऱ्यात म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. बायकोने ऐकून घेतलं. मग तिने टबातलं फडकं दोन बोटांत धरून चोळलं, जसं ती दुकानात गिऱ्हाइकाचा शर्ट चोळून बघते. सुकं आसनवस्त्र घेऊन त्याचा कोपरा ओला केला आणि तोही चोळला. बोटं बुळबुळीत झाली.

"हे खळीने कडक नाही," ती म्हणाली. "हे धुण्याच्या सोड्यात बुडवून वाळवलंय."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि अर्धं लिंबू घेऊन आली. टबावर पिळलं. जिथे रस पडला तिथे लाल पाणी फसफसलं आणि पिवळं झालं. तिने आणखी एक लिंबू पिळलं, हाताने ढवळलं, आणि अख्खा टब पिवळाधम्मक झाला.

"तुमचा दोष लिंबाला घाबरला वाटतं," ती म्हणाली. "अहो, हळद आहे ही. रोज दोन तरी कपडे येतात दुकानात. हळदीच्या डागाला घरी साबण लावतात, डाग लाल होतो, आणि बायका रडकुंडीला येऊन म्हणतात, हे कसलं रक्त? मी आंबट लावून पिवळा करते, मग उन्हात टाकते. तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

सरांना माहीत होतं. दर जून महिन्यात, सातवीच्या वर्गात, पहिल्याच आठवड्यात ते हाच प्रयोग करत. हळदीचा कागद, त्यावर साबणाचं पाणी, कागद लाल. मग लिंबू, कागद पिवळा. सव्वीस जून झाले होते. प्रत्येक वेळी शेवटी ते म्हणत, "पोरांनो, हे विसरलात तर कोणीही तुम्हाला बनवेल." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाषाण निदान कोरडा तरी असतो, सर कमरेपर्यंत भिजलेले होते.

ते हसले, पण फार वेळ नाही, कारण बायको म्हणाली, "म्हणजे शिंपीदादा तुमच्यामुळेच."

शिंप्याला पाच महिने रक्त जात होतं. आधी त्यानेही मूळव्याध समजून दुर्लक्ष केलं होतं. पण वजन उतरत चाललं, मशीनवर बसल्या बसल्या दम लागायला लागला, तेव्हा सरांच्या बायकोने बळेच त्याला सर्जनबाईंकडे पाठवलं होतं. बाईंनी दुर्बिणीने आतड्याची तपासणी करायला सांगितली होती. येत्या गुरुवारची वेळ ठरली होती. ती त्याने शनिवारी रद्द केली. का, तर म्हणाला, सरांना त्या रांगेत बघितलं. सर पुराव्याशिवाय पाणी पीत नाहीत. सर बसतात म्हणजे त्यात काहीतरी असणार.

सर तसेच शिंप्याच्या घरी गेले. लिंबू, सोडा, हळद, सगळं सांगितलं. शिंप्याने शांतपणे ऐकलं. तो आधीच्या निम्मा दिसत होता.

"पाणी खोटं असेल, सर," तो म्हणाला. "पण तुमचं दुखणं थांबलं की नाही?"

सर म्हणाले, थांबलं.

"मग?"

या "मग"चं उत्तर सरांना डॉक्टरकडूनच घ्यावं लागणार होतं. ते घरी आले आणि मंगळवारी सकाळी, मफलर न घेता, सर्जनबाईंकडे गेले. पुन्हा कुशीवर, पुन्हा भिंतीकडे तोंड. या वेळी मात्र त्यांनी भिंतीला सगळं खरं सांगितलं. कुंडी, पालथा टब, आसनगुरू.

बाईंनी तपासणी उरकली. सरांना वाटलं, त्या हसू दाबत असाव्यात. मग त्या म्हणाल्या, "जखम छान भरतेय, सर. कातडी मात्र सोड्याने पोळलीय, मलम देते. तुम्ही बसलात हे बरं केलंत. फक्त कशात बसलात ते चुकलं." आणि त्यांनी त्यांच्या कार्डाची एक प्रत काढून सरांच्या हातात ठेवली. "आता वाचाल?"

सरांनी वाचलं. कोमट साध्या पाण्यात दिवसातून तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटं. भरपूर पाणी. भाज्या, फळं, कोंड्याचं अन्न. रात्री इसबगोल. कुंथायचं नाही, संडासात मोबाईल घेऊन रेंगाळायचं नाही. गुरूंच्या नियमांशी ओळ अन् ओळ जुळत होती. कोमट पाण्याने आवळलेला स्नायू सैल पडतो म्हणून ठणका थांबतो, बाई म्हणाल्या. मल मऊ झाला की जखमेला धक्का बसत नाही. आणि दुसऱ्या आठवड्यात दुखणं बहुतेकांचं ओसरायलाच लागतं. गुरू नेमके त्याच आठवड्यात भेटले. म्हणजे काम केलं ते कार्डाने आणि दिवसांनी, आरती ओवाळली गेली फडक्याला.

शिंप्याचं नाव निघाल्यावर बाईंचा चेहरा बदलला. "त्या जागेचं प्रत्येक रक्त मूळव्याधीचं नसतं, सर. पाच महिने रक्त, त्यात वजन उतरतंय. आत बघितल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही आणि कोणीच सांगू शकत नाही. गुरुवारची त्यांची वेळ मी अजून कोणाला दिलेली नाही."

शिंपी घरी जाऊन सांगितलेलं ऐकणार नव्हता, हे सरांना कळलं होतं. पण बुधवारी दुपारी तो हॉलमध्ये असणार होता. म्हणजे जे सांगायचं ते तिथे, सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. सरांनी मंगळवारची संध्याकाळ फार वाईट काढली. आजवर त्यांनी दुसऱ्यांची फजिती चौकात मांडली होती, आता स्वतःची मांडायची होती, आणि तीही असल्या जागेची. शाळेत त्यांनी कंबरेची शस्त्रक्रिया असं सांगितलं होतं. बायकोला त्यांनी विचारलं की हे दुखण्याचं नाव न घेता सांगता येईल का. ती म्हणाली, "आपल्या नाकासाठी दुसऱ्याचा जीव घालवाल?" मग सरांनी टब धुवायला घेतला.

बुधवारी दोघं हॉलमध्ये शिरले. सरांच्या हातात पांढरा टब, बायकोच्या हातात कोमट पाण्याची बादली आणि पिशवी. सेवकाने अडवायच्या आत गुरूच पडद्याबाहेर आले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "बघा, विज्ञानाचे शिक्षक! आज उघड्या चेहऱ्याने आले. हीच श्रद्धा." गर्दीने माना डोलावल्या. म्हणजे मफलर कोणालाच फसवू शकला नव्हता. सरांचे कान तापले.

टब मधोमध ठेवून त्यांनी त्यात पाणी ओतलं. गुरूंची पुडी सोडली, पाणी पिवळं झालं. गुरूंचंच आसनवस्त्र तळाशी अंथरलं. मग ते बाजूला सरकले आणि म्हणाले, आता पंधरा मिनिटं कोणी या टबात बसायचं नाही.

पंधरा मिनिटं लागली नाहीत. फडक्याच्या कडेने लाल रेघ सुटली, ती पसरली, आणि बायकोने लाकडी दांड्याने एकदा ढवळल्यावर सगळं पाणी लालभडक झालं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"यात कोणीच बसलेलं नाही," सर म्हणाले. "मग हा रक्तदोष कोणाचा? फडक्याला मूळव्याध झालीय का?"

दोघं-तिघं हसले. बायकोने लिंबं पिळली आणि पाणी पुन्हा पिवळं केलं. हळद आणि धुण्याचा सोडा, तिने दुकानातल्या आवाजात सांगितलं, पाहिजे त्याने घरी करून बघावं. ओणवे गृहस्थ लगेच पुढे सरसावून टबात बोट बुडवून बघू लागले.

आसनगुरूंचा आवाज मात्र तसाच लोण्यासारखा होता. "पाणी हे प्रतीक आहे," ते म्हणाले. "प्रतीकाला काय भुलता? सर, सगळ्यांसमोर सांगा. इतके दिवस तळमळत होतात. इथे आलात आणि आराम पडला. पडला की नाही?"

साठ माणसं सरांकडे बघू लागली. शिंपी खांबाला धरून उभा होता.

"पडला," सर म्हणाले. आणि मग त्यांनी खिशातून कार्ड काढलं. "हे मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दिलं होतं. मी वाचलं नाही. माझ्या गुदद्वाराची शस्त्रक्रिया झाली, आणि ती माझ्या विद्यार्थिनीने केली, म्हणून मला लाज वाटली. कंबरेची नाही, मूळव्याधीची. मी इसबगोल कुंडीत ओतला. मी टब नुसता ओला करून पालथा घालत होतो. म्हणून तळमळत होतो." हॉलभर हसू फुटलं. सरांनी ते संपू दिलं. चित्रकलेचे सर सगळ्यांत जास्त हसत होते. मग सरांनी कार्ड एकेक ओळ वाचलं आणि प्रत्येक ओळीला थांबून गुरूंनी त्याचं काय नाव ठेवलंय ते सांगितलं. शुभ्रचूर्ण म्हणजे इसबगोल, इथपर्यंत येताना हसू थांबलं होतं आणि लोक गुरूंकडे बघायला लागले होते.

"एकच नियम या कार्डावर नाही," सर म्हणाले. "डॉक्टरकडे जाऊ नका, हा. तेवढा यांनी स्वतःचा घातलाय. माझं दुखणं ओळखलेलं होतं, कापलेलं होतं, म्हणून मी यांच्या टबात बसून फक्त कातडी पोळून घेतली. पण तुमच्यातल्या ज्याचं कोणी आत बघितलेलंच नाही, त्याचं रक्त कशाचं आहे हे यांना कसं कळणार? यांनी तुम्हाला हातसुद्धा लावलेला नाही."

गुरू म्हणाले, अश्रद्ध माणसाच्या हातून सिद्धी उलटते. पण ते पडद्याकडे सरकत म्हणाले, आणि सेवकाने आसनवस्त्रांचा गठ्ठा उचलून मागच्या दाराकडे नेलेला सगळ्यांना दिसला. तरीही वीसेक माणसं रांग सोडेनात. एक आजी म्हणाल्या, खोटं असू दे, बरं वाटतं ना. बायकोने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आजी, कोमट पाणी घरीही मिळतं. त्या हॉलचं दार दोन दिवसांनी बंद झालं. गुरू आणखी कुठल्या गोदामात गादी टाकून बसले असतील, हे सर नाकारत नाहीत.

शिंपी गुरुवारी तपासणीला गेला. आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ सापडली. ती कर्करोगाची होती, पण आतड्याच्या भिंतीबाहेर पसरली नव्हती. दहा दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. आणखी काही महिने हा माणूस लाल पाणी बघत बसला असता तर मी काही करू शकले नसते, असं सर्जनबाईंनी सरांना सांगितलं आणि सरांना बाकावर बसावं लागलं. आता त्यांना बसता येत होतं.

सर वॉर्डात भेटायला गेले. खरं सांगायचं तर त्यांना आभाराची थोडी अपेक्षा होती. माणसाचा स्वभाव असा एका फजितीने जात नाही. शिंप्याने त्यांना शेजारी बसवलं. त्याचा आवाज क्षीण होता, पण डोळे स्वच्छ होते.

"सर, तुम्ही रांगेत दिसलात म्हणून मी तपासणी रद्द केली," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांसमोर चुकलो म्हणालात, म्हणून मी तपासणीला आलो. आता पडल्या पडल्या विचार करतो. दोन्ही वेळा मी तुमच्याकडेच बघत होतो. पाच महिने रक्त माझं जात होतं, त्याच्याकडे कुठे बघितलं?"

सरांनी शिंप्याचा हात हातात घेतला.

हल्ली सर जिथे बोलायला जातात तिथे आधी स्वतःच्या शस्त्रक्रियेची गोष्ट सांगतात, काहीही न झाकता. लोक पोट धरून हसतात. हसून झालं की ते एवढंच म्हणतात, "शरीराला लाजू नका, त्याला काही झालं तर जाणत्या डॉक्टरला दाखवा आणि डॉक्टरलाही प्रश्न विचारा. रक्त दिसलं तर तपासून घ्या. कोणत्या रांगेत कोण मोठा माणूस उभा आहे ते बघून काही ठरवू नका. तो मी असलो तरी."